कर्करोगाचा फैलाव रोखणारी जनुके

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मूळ गाठीपेक्षा तिचा फैलाव अधिक घातक ठरतो. हा फैलाव अडवून धरणारी काही जनुके आपल्या पेशींतच असतात. ती गप्प कशी होतात, त्यांना पुन्हा जागे करता येईल का आणि आजच्या रुग्णाला या संशोधनाचा उपयोग किती, याचा हा आढावा.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली की रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना दोन प्रश्न विचारतात. गाठ पूर्ण निघाली का, हा पहिला. आजार पुन्हा तर उद्भवणार नाही ना, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पॅथॉलॉजीच्या अहवालात बहुधा मिळते. दुसऱ्याचे उत्तर देताना डॉक्टरही शक्यतेची भाषा बोलतात. गाठ काढण्यापूर्वीच तिच्यातील काही पेशी निसटून यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसल्या असतील, तर त्या कोणत्याही चित्रणात दिसत नाहीत. काही रुग्णांत त्या कधीच वाढत नाहीत. काहींत दोन-तीन वर्षांनी नवी गाठ होऊन प्रकट होतात. हा फरक कशामुळे पडतो, या प्रश्नाचा शोध घेताना शास्त्रज्ञांना जनुकांचा एक वेगळाच गट सापडला. त्यांना फैलावरोधक जनुके म्हणता येईल.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून ध्यानात येते. मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे २०२२ मध्ये जगभरात सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख रुग्ण दगावले. भारतात लोकसंख्येच्या मानाने प्रमाण कमी असले, तरी दरवर्षी ६५ ते ७० हजार नव्या रुग्णांची भर पडते. अमेरिकेतील नोंदींनुसार, रोग आतड्यापुरता मर्यादित असताना निदान झाले तर सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तोच रोग दूरच्या अवयवांत पोचल्यावर कळला, तर हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर येते. आतडेही तेच आणि पेशीही त्याच. दोन आकड्यांमधली ही दरी फैलावाने निर्माण केलेली आहे.

पेशीचा खडतर प्रवास

वैद्यकात या फैलावाला ‘मेटास्टॅसिस’ म्हणतात. हा शब्द ऐकला की कर्करोग पाण्यासारखा सर्वत्र पसरत जातो, असे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात हा प्रवास अत्यंत खडतर असतो. कर्कपेशीला आधी शेजारच्या पेशींशी असलेली आपली घट्ट पकड सोडवावी लागते. मग आतड्याच्या भिंतीचे थर भेदून ती रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत शिरते. रक्तप्रवाहाचे धक्के आणि रोगप्रतिकारक पेशींचे हल्ले सोसून तगलीच, तर दूरच्या अवयवातील एखाद्या केशवाहिनीत अडकते, तिची भिंत ओलांडते आणि सर्वस्वी परक्या ऊतीत येऊन पडते. तिथे जगून, विभागून, नवा रक्तपुरवठा मिळवून वसाहत करणे हा शेवटचा आणि सर्वांत अवघड टप्पा.

आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये उंदरांच्या रक्तात किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी सोडल्या. चोवीस तासांनी त्यांतली हजारात एकही पेशी जिवंत नव्हती. यानंतर वसाहत करू शकणाऱ्या पेशी त्याहूनही विरळ होत्या. याचा अर्थ असा, की निसर्गाने या वाटेवर ठिकठिकाणी नाके उभारलेले आहेत आणि बहुतेक पेशी कुठल्या ना कुठल्या नाक्यावर अडतात.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत या वाटेचा नकाशा शरीररचनेने आधीच आखून दिला आहे. आतड्यांकडून येणारे रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जाते. त्यामुळे या कर्करोगाचा फैलाव सर्वाधिक यकृतातच आढळतो. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्त मात्र यकृत टाळून मोठ्या शिरेला मिळते. म्हणून तेथील गाठींत थेट फुप्फुसात फैलाव होण्याचे प्रमाण तुलनेने जास्त असते. पण केवळ रक्ताचा मार्ग पुरेसा नसतो. स्टीफन पॅजेट या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १८८९ मध्येच स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून बीज आणि माती यांचा सिद्धांत मांडला होता. बी वाऱ्यावर कुठेही जाते, रुजते मात्र अनुकूल मातीतच. फैलावरोधक जनुकांचे काम या रुजण्याच्या क्षणाशी जवळून जोडलेले आहे.

दोन प्रकारचे रक्षक

इथे दोन संज्ञांमधला भेद समजून घेणे आवश्यक आहे. अर्बुदरोधक जनुके पेशीची बेबंद वाढ रोखतात, म्हणजे गाठ होऊच देत नाहीत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एपीसी हे जनुक बहुधा सर्वांत आधी निकामी होते. या रोगाच्या सुमारे ८० टक्के गाठींत त्यात बिघाड आढळतो. पी-५३ हे त्याच गटातले आणखी एक प्रसिद्ध जनुक. १९९० मध्ये एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी साध्या पॉलिपपासून कर्करोगापर्यंतची वाटचाल अशा जनुकांच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या बिघाडांतून कशी घडते, याचा आराखडा मांडला. आज तो पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो.

फैलावरोधक जनुके मूळ गाठीच्या वाढीत ढवळाढवळ करत नाहीत. गाठ आपल्या जागी वाढतच राहते. तिच्या पेशींना दूर जाऊन वसाहत करणे मात्र जमत नाही. एखादे जनुक या गटात बसते की नाही, हे ठरवण्याची कसोटी यातूनच तयार झाली. जोमाने फैलावणाऱ्या कर्कपेशींत ते जनुक कार्यरत करायचे आणि त्या पेशी उंदरात सोडायच्या. मूळ जागी गाठ पूर्वीइतकीच वाढली, पण दूरच्या गाठी घटल्या, तरच त्या जनुकाला फैलावरोधक म्हणायचे. मूळ गाठही लहान झाली, तर ते अर्बुदरोधकांच्या रांगेत जाते. या कसोटीवर आजवर कमी-अधिक खात्रीने उतरलेल्या जनुकांची संख्या तिसाच्या घरात आहे.

शोधाची कहाणी

या गटातले पहिले जनुक १९८८ मध्ये सापडले. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये पॅट्रिशिया स्टीग आणि त्यांचे सहकारी उंदरांतील मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास करत होते. एकाच गाठीपासून निघालेल्या काही पेशीकुळांत फैलावाची क्षमता प्रचंड होती, काहींत नगण्य. दोन्हींतील जनुकांच्या कार्याची तुलना केली, तेव्हा न फैलावणाऱ्या पेशींत एक जनुक कितीतरी अधिक जोमाने काम करताना दिसले. त्याला एनएम-२३ असे नाव मिळाले. १९९१ मध्ये हे जनुक फैलावणाऱ्या पेशींत घातले, तेव्हा त्यांची फैलावाची क्षमता घटली. पुढे या जनुकाचे नाते फळमाशीच्या एका जनुकाशी जुळले. फळमाशीत ते बिघडले, की पंखांची घडण विस्कटते. पेशींनी आपापल्या जागी शिस्तीने बसावे, ही व्यवस्था उत्क्रांतीत किती जुनी आहे, याची ही खूण होती.

१९९५ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगावरील संशोधनातून केएआय-१ हे दुसरे महत्त्वाचे जनुक हाती लागले. चिनी भाषेत कर्करोगविरोधी या अर्थाच्या ‘कांग आय’ या शब्दांवरून त्याचे नाव ठेवले गेले. त्याचे प्रथिन पेशीच्या आवरणावर बसते आणि पेशीला जागा धरून ठेवणाऱ्या इतर प्रथिनांना बांधून ठेवते. २००६ मध्ये त्याच्या कार्याचा आणखी एक पैलू उलगडला. रक्तात शिरलेल्या कर्कपेशीवरील हे प्रथिन रक्तवाहिनीच्या अस्तरावरील एका प्रथिनाला भेटले, की कर्कपेशीचे विभाजन थांबते. हे प्रथिन गमावलेली पेशी मात्र त्या भेटीतून निर्धास्त सुटते.

तिसऱ्या जनुकाच्या नावामागे चॉकलेट आहे. डॅनी वेल्च आणि त्यांचे सहकारी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी काम करत होते. तिथले ‘किसेस’ नावाचे चॉकलेट प्रसिद्ध असल्याने १९९६ मध्ये सापडलेल्या जनुकाला त्यांनी किस-१ म्हटले. त्यांचा आधीचा प्रयोग उद्बोधक होता. मानवी मेलॅनोमाच्या पेशींत सहाव्या गुणसूत्राची एक धडधाकट प्रत घातल्यावर गाठ वाढतच राहिली, पण फैलाव थांबला. त्यामागचा दुवा शोधताना किस-१ सापडले; आणि ते चक्क पहिल्या गुणसूत्रावर निघाले. सहाव्या गुणसूत्रावरून त्याला फक्त आदेश मिळत होता. म्हणजे जनुक शाबूत असूनही आदेशाअभावी गप्प बसू शकते. ही बाब पुढच्या विवेचनात पुन्हा येणार आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन वयात येण्याच्या प्रक्रियेलाही चालना देते, हे २००३ नंतर स्पष्ट झाले. निसर्गाने ही जनुके कर्करोगासाठी राखून ठेवलेली नाहीत. शरीरात त्यांची नित्याची कामे असतात आणि फैलाव रोखणे हा त्यांतलाच एक भाग.

एकाच रुग्णाच्या दोन पेशी

हे सारे शोध त्वचेच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगांत लागले. मोठ्या आतड्याच्या बाबतीत पुरावा मिळण्यास एका रुग्णाने नकळत मदत केली. टेक्सास राज्यातील टेंपल या गावी स्कॉट अँड व्हाइट क्लिनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या पन्नाशीतील एका पुरुषाच्या मूळ गाठीतून प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात आल्या. त्यांना एसडब्ल्यू-४८० हा क्रमांक मिळाला. सुमारे वर्षभराने त्याचा आजार उलटला, तेव्हा लसीकाग्रंथीत पोचलेल्या गाठीतूनही पेशी घेण्यात आल्या. त्या एसडब्ल्यू-६२०. १९७६ मध्ये या पेशीकुळांची माहिती प्रसिद्ध झाली आणि त्यांचे वंशज आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जातात. एकाच माणसाच्या, एकाच रोगाच्या फैलावापूर्वीच्या आणि फैलावानंतरच्या पेशी शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची ही दुर्मीळ संधी होती.

अशाच तुलनेतून २००० मध्ये आर्थर पार्डी यांच्या गटाने एक जनुक शोधले. आज ते एनडीआरजी-१ या नावाने ओळखले जाते. मूळ गाठीच्या पेशींपेक्षा फैलावलेल्या पेशींत त्याचे कार्य मंदावलेले दिसले. एसडब्ल्यू-६२० पेशींत ते पुन्हा कार्यरत केल्यावर त्या पेशी आतड्याच्या प्रौढ, शिस्तबद्ध पेशींसारख्या दिसू लागल्या. शेजाऱ्यांना धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन त्यांच्यात वाढले, ऊतींत घुसण्याची क्षमता घटली आणि उंदरांतील फैलावही कमी झाला. आतड्याच्या कर्करोगातच प्रथम फैलावरोधक म्हणून मांडले गेलेले हे जनुक होय.

दुसरा महत्त्वाचा पुरावा आरकिप या प्रथिनाचा. पेशीला ‘विभाग, पुढे चल’ असा निरोप देणारी एक साखळी असते. रॅस, रॅफ, मेक आणि अर्क या तिच्या कड्या. मोठ्या आतड्याच्या सुमारे ४० टक्के कर्करोगांत यातील के-रॅस या कडीत बिघाड होऊन निरोप अखंड चालू राहतो. आरकिप हे प्रथिन रॅफपासून पुढे जाणारा निरोप दाबून धरते. २००३ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगात ते फैलावरोधक असल्याचे दिसले. त्यानंतर मोठ्या आतड्याच्या रुग्णांच्या जतन केलेल्या गाठी तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाठींत आरकिप नाहीसे झाले होते, त्यांच्यात दूरचा फैलाव आणि आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असल्याचे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासगटांना आढळले. केएआय-१ च्या बाबतीतही आतड्याच्या कर्कपेशींत ते घातल्यावर त्यांची हालचाल व घुसखोरी घटते, असे १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले.

एनएम-२३ चे मात्र आतड्यात गूढ निर्माण झाले. १९९१ मध्येच दोन परस्परविरोधी निष्कर्ष पुढे आले. एका अभ्यासात या जनुकाची एक प्रत गमावलेल्या रुग्णांत दूरचा फैलाव जास्त आढळला. दुसऱ्या अभ्यासात आतड्याच्या कर्करोगात हे जनुक निरोगी ऊतीपेक्षा अधिकच कार्यरत दिसले. हे प्रथिन एक विकरही आहे आणि भराभर विभागणाऱ्या पेशीला त्याची गरज भासते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. एकच जनुक एका ऊतीत रक्षक आणि दुसरीत साथीदार ठरल्याची उदाहरणेही आहेत. लहान मुलांतील न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगात एनएम-२३ चे वाढलेले प्रमाण आजाराच्या आक्रमकतेशी जोडले गेले आहे. म्हणून मेलॅनोमात किंवा स्तनाच्या कर्करोगात सिद्ध झालेली गोष्ट आतड्यावर जशीच्या तशी लागू करता येत नाही.

जनुक मोडत नाही, मिटते

या सगळ्या संशोधनातून निघणारा सर्वांत मोलाचा निष्कर्ष जनुके गप्प कशी होतात, याच्याशी निगडित आहे. अर्बुदरोधक जनुके बहुधा उत्परिवर्तनाने मोडतात. त्यांच्या डीएनएतील अक्षरेच बदलतात किंवा गळून पडतात. फैलावाच्या वेळीही असेच काही नवे बिघाड होत असतील, अशी साहजिक अपेक्षा होती. २००८ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील व्होगेलस्टाइन यांच्या गटाने आतड्याच्या रुग्णांच्या मूळ गाठी आणि त्यांच्याच फैलावलेल्या गाठी यांतील जनुकांचे वाचन करून तुलना केली. फैलावलेल्या गाठीत खास फैलावाला कारण ठरेल असे नवे उत्परिवर्तन जवळपास सापडले नाही. त्यांच्या गणितानुसार मोठ्या पण सौम्य गाठीचा प्रगत कर्करोग होण्यास सुमारे १७ वर्षे लागतात. फैलावाची क्षमता येण्यास मात्र त्यानंतर दोन वर्षांहूनही कमी काळ पुरतो.

मग फैलावरोधक जनुकांचे होते काय? त्यांतली बरीचशी शाबूतच राहतात, केवळ मिटली जातात. जनुकाच्या आरंभीच्या भागावर मिथिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटले, की पेशीची यंत्रणा ते जनुक वाचू शकत नाही. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांचे वेटोळे घट्ट आवळले, तरी तोच परिणाम होतो. कधी किस-१ प्रमाणे आदेश देणारा दुवाच तुटतो. पोथीचे पान फाटले, तर मजकूर गेला. पण पाने एकमेकांना चिकटली असतील, तर मजकूर आत सुरक्षित असतो. पाने सोडवण्याची युक्ती तेवढी हवी. फाटलेल्या पी-५३ ची दुरुस्ती आजही जिकिरीची आहे. मिटलेले फैलावरोधक जनुक उघडणे तत्त्वतः शक्य आहे. या क्षेत्राची सारी आशा या एका फरकावर उभी आहे.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. फैलावाला हातभार लावणारी जनुकेही असतात. २००१ मध्ये व्होगेलस्टाइन यांच्याच गटाला आतड्यातून यकृतात फैलावलेल्या गाठींत पीआरएल-३ हे जनुक अतिरिक्त कार्यरत असल्याचे आढळले. २००९ मध्ये बर्लिनमधील उलरिके श्टाइन आणि पीटर श्लाग यांच्या गटाने एमएसीसी-१ हे जनुक शोधले. मूळ गाठीतील त्याच्या प्रमाणावरून पुढे फैलाव होईल का, याचा अंदाज बांधता येतो, असे त्यांनी दाखवले. फैलाव होणार की नाही, हे अशा ढकलणाऱ्या आणि अडवणाऱ्या जनुकांच्या तोलावर ठरते. एका जनुकाच्या तपासणीवरून भविष्य सांगणे म्हणूनच कठीण.

औषधाच्या दिशेने

मिटलेले जनुक उघडण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न स्टीग यांच्याच गटाने केला. संततिनियमनाच्या इंजेक्शनात वापरले जाणारे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे जुने संप्रेरक स्तनाच्या कर्कपेशींत एनएम-२३ चे प्रमाण वाढवते आणि उंदरांच्या फुप्फुसांतील फैलाव घटवते, असे २००५ मध्ये दिसले. त्यानंतर स्तनाचा कर्करोग फैलावलेल्या स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. निकाल अपेक्षेइतका आशादायक नव्हता.

एनडीआरजी-१ साठी वेगळा मार्ग शोधला जात आहे. पेशीतील लोह काढून घेणारी रसायने दिली, की हे जनुक वाढीव काम करू लागते, असे सिडनीतील डेस रिचर्डसन यांच्या गटाने दाखवले. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरात साठलेले जादा लोह काढण्यासाठी दिले जाणारे डेस्फेरिऑक्सामाइन हे याच जातीचे औषध. कर्करोगासाठी अधिक प्रभावी अशी नवी रसायने तयार केली गेली असून हे काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. यावरून कोणी आहारातील लोह कमी करण्याचा विचार करू नये. मोठ्या आतड्याच्या अनेक रुग्णांत रक्तस्रावामुळे आधीच रक्तक्षय असतो आणि लोह टाळल्याने तो बळावेल.

औषध मिळण्यातली खरी अडचण चाचणीच्या पद्धतीत आहे. नव्या औषधाची परीक्षा साधारणतः रोग पुष्कळ पसरलेल्या रुग्णांवर होते आणि गाठ आकसली का, हे पाहिले जाते. फैलावरोधक औषधाचे काम गाठ आकसवण्याचे नाहीच. नवी गाठ रुजू न देण्याचे आहे. धरण फुटल्यावर दरवाजे नीट लागतात का, हे पाहण्यासारखा हा प्रकार. स्टीग यांनी २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात नेमका हाच मुद्दा मांडला. नवी गाठ उद्भवण्यास किती काळ लागला, हे मोजणाऱ्या चाचण्या हव्यात, असे त्यांचे म्हणणे. अशा चाचण्यांना वेळ व पैसा दोन्ही अधिक लागतात.

आजच्या रुग्णासाठी

या ज्ञानाचा सर्वांत जवळचा उपयोग दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांना होऊ शकेल. या टप्प्यात गाठ आतड्याच्या भिंतीत खोलवर गेलेली असते, पण लसीकाग्रंथी स्वच्छ असतात. यातील बहुतेक रुग्ण केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात. काहींचा आजार मात्र उलटतो. केमोथेरपी कोणाला द्यावी, हा डॉक्टरांपुढचा रोजचा पेच आहे. सरसकट दिली, तर अनेकांना विनाकारण त्रास आणि खर्च. कोणालाच दिली नाही, तर काहींचा घात. मूळ गाठीतील फैलावरोधक प्रथिने तपासून रुग्णांची विभागणी करता यावी, हा आरकिपसारख्या अभ्यासांमागचा हेतू आहे. पण निकालांत पुरेशी एकवाक्यता नसल्याने ही तपासणी अजून नित्याच्या उपचारात आलेली नाही. कोणी ‘फैलावाचा जनुकीय अंदाज’ म्हणून महागडी तपासणी सुचवली, तर तिच्या निकालाने उपचार नेमका कसा बदलणार आहे, हे आपल्या कर्करोगतज्ज्ञाला आधी विचारावे.

ज्या तपासण्यांनी उपचार खरोखर बदलतात, त्या वेगळ्या आहेत. गाठीतील डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का, हे प्रत्येक रुग्णात पाहावे, असे आता मानले जाते. त्यावरून इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का आणि आजार आनुवंशिक असण्याचा संभव आहे का, हे कळते. रोग फैलावलेला असल्यास के-रॅस, एन-रॅस आणि बी-रॅफ यांची तपासणी औषधाची निवड ठरवते. रक्तात फिरणारे गाठीच्या डीएनएचे अंश शोधण्याची चाचणीही वेगाने पुढे येत आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत दुसऱ्या टप्प्यातील ४५५ रुग्णांचा समावेश होता. रक्तचाचणीच्या आधारे निर्णय घेतलेल्या गटात १५ टक्क्यांना केमोथेरपी द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २८ टक्क्यांना; आणि दोन वर्षांनंतर आजार न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते.

रोग यकृतात पोचला म्हणजे सारे संपले, हेही खरे नाही. यकृतातील गाठी मोजक्या असतील, तर शस्त्रक्रियेने त्या काढून काही निवडक रुग्ण दीर्घकाळ निरोगी राहतात. म्हणून अशा वेळी यकृताच्या शल्यचिकित्सकाचे मत घेणे अगत्याचे.

फैलाव रोखण्याचा आज हाती असलेला सर्वांत खात्रीचा उपाय जनुकांच्या आधीचा आहे, तो म्हणजे रोग लवकर ओळखणे. कर्करोगाकडे नेणारी वाटचाल वर्षानुवर्षांची असते आणि त्या काळात कोलोनोस्कोपी करून पॉलिप काढून टाकला, तर पुढचे सारे टळते. अमेरिकेत वयाच्या ४५ व्या वर्षापासून सर्वांनी तपासणी करावी, अशी शिफारस आहे. भारताच्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत. मोठ्या आतड्याचा नाही. त्यामुळे ही जबाबदारी आपल्याकडे व्यक्तीवर आणि तिच्या फॅमिली डॉक्टरवर येते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय सुमारे ४७ निघाले आणि शौचावाटे रक्त जाणे हे सर्वाधिक आढळलेले लक्षण होते. हे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन् महिने घरगुती औषधे घेतली जातात. तपासणी न करता मूळव्याध म्हणू नये. शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण न कळता घटलेले वजन किंवा रक्तक्षय, घरातल्या कोणाला कमी वयात झालेला आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

फैलावरोधक जनुकांच्या शोधाला साडेतीन दशके उलटून गेली. त्यांतून अद्याप रुग्णाच्या हाती देता येईल असे औषध निघालेले नाही. तरीही फैलाव ही अटळ घटना नसून तिला अडवणारी व्यवस्था शरीरात आहे आणि ती बहुधा मोडत नाही, मिटते, हे या शोधांनी दाखवून दिले. ती पुन्हा उघडण्याची किल्ली सापडेपर्यंत कर्कपेशींना त्या वाटेवर पाऊल टाकण्याची संधीच न देणे, एवढे आपल्या हाती आहे.